वय वजा करून द्या

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या खोलीबाहेर निवासी डॉक्टरांची रांग लागते. हातात लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये एक्सेलची फाइल, फाइलमध्ये साठ-सत्तर माणसांच्या मेंदूचे एमआरआयवरून काढलेले आकडे. अर्धे रुग्ण, अर्धे निरोगी. मागणी एकच असते, "सर, तेवढं वय वजा करून द्या." वय नसेल तर डोक्याचा आकार, तोही नसेल तर शिक्षणाची वर्षं. कोणीतरी रिव्ह्यूअरने 'कोव्हेरिएट टाका', म्हणजे सोबतचं एखादं माप हिशेबात घ्या, असा शेरा मारलेला असतो आणि कोव्हेरिएट म्हणजे आमटीत वरून टाकायचं मीठ आहे अशा समजुतीने पोरं आलेली असतात.

मी मूळचा शेतकी सांख्यिकीवाला. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकलो, बरीच वर्षं ज्वारी-कपाशीच्या प्रयोगांचे आकडे मांडले आणि नोकरीच्या उत्तरार्धात पुण्यातल्या एका इस्पितळाच्या संशोधन विभागात येऊन पडलो. त्यामुळे ही वजाबाकी मला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. शेतातून दवाखान्यात येताना तिच्याबरोबरची एक अट वाटेत गळून पडली. त्या अटीची ही हकिकत आहे, पण सुरुवात शेतात होत नाही. मेंदूला ही वजाबाकी शेताच्या सत्तर वर्षं आधी लागली होती.

१८६१ सालचं पॅरिस. पॉल ब्रोका हा तिथला नामांकित सर्जन. डाव्या कपाळामागच्या ज्या भागाला आज आपण 'ब्रोकाचा भाग' म्हणतो, तो त्याने 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूवरून दाखवला तो याच वर्षी. दोन वर्षांपूर्वी त्याने मानवशास्त्राची एक सभा स्थापन केली होती, आणि तिथे त्याचा सामना लुई ग्रासिओले या शरीररचनातज्ज्ञाशी जुंपला. ग्रासिओलेचं म्हणणं, मेंदूच्या वजनाचा आणि बुद्धीचा काही संबंध नाही. पुरावा म्हणून त्याने सभेपुढे ठेवलं की जर्मनांचे मेंदू फ्रेंचांपेक्षा सरासरी १०० ग्रॅमनी जड भरतात. आता बोला!

ब्रोकाला वजन आणि बुद्धी यांचं नातं सोडायचं नव्हतं, आणि जर्मन हुशार म्हणायचं तर त्याहून नव्हतं. मग तो कामाला लागला. जर्मन अंगापिंडाने थोराड असतात, ते वजा केलं. ज्यांचे मेंदू मोजले त्यांची वयं वेगळी, म्हातारपणी मेंदू हलका होतो, तेही हिशेबात घेतलं. कोण कशाने मेला, दीर्घ आजाराने की अपघाताने, हेसुद्धा पाहिलं. सगळं वजा जाता जर्मनांचे ते १०० ग्रॅम हवेत विरले. आजच्या भाषेत सांगायचं तर वय, शरीराचं आकारमान आणि मृत्यूचं कारण हे तीन कोव्हेरिएट घेऊन केलेली ही दोन गटांची तुलना. रिव्ह्यूअर खूश झाला असता.

याच ब्रोकाने पॅरिसच्या इस्पितळांत शवविच्छेदनात मेंदू तोलले होते. २९२ पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांची ११४४. फरक १८१ ग्रॅम. बायका उंचीने कमी असतात हे त्याला दिसत नव्हतं असं नाही, त्याने तसं लिहूनही ठेवलं. पण इथे वजाबाकी करायला तो बसलाच नाही. बायका सरासरीने पुरुषांपेक्षा थोड्या कमी बुद्धीच्या असतात हे आपल्याला माहीतच आहे, तेव्हा फरकाचा काही भाग त्याचाही असणार, असं म्हणून त्याने विषय संपवला. शंभरेक वर्षांनी अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ स्टीव्हन जे गूल्ड याने ब्रोकाचेच आकडे घेऊन उंची आणि वय वजा केलं, तेव्हा १८१ चे ११३ झाले. उरलेल्या ११३ मध्येही अंगयष्टी, आजार आणि बरंच काही दडलेलं असणार. मला गूल्डच्या उत्तरापेक्षा ब्रोकाचं वागणं जास्त शिकवून जातं. त्याला गणित येत नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. कोणत्या फरकाला स्पष्टीकरणाची गरज आहे आणि कोणता फरक 'असतोच', हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. आकडेमोड फक्त पहिल्या प्रकारच्या फरकाच्या वाट्याला आली.

ब्रोका वाईट माणूस होता म्हणून हे झालं असं मानायचं असेल तर माना. माझ्या खोलीत येणारी मुलं मात्र अगदी सालस असतात, आणि त्यांच्याही फायलींत हेच असतं. जो फरक सापडावा असं वाटत असतो तो वजाबाकीत टिकला की 'वय नियंत्रित केले' असं लिहितात, टिकला नाही की मला विचारतात, "सर, वय घेतलंच पाहिजे का?"

ब्रोकानंतरची तीसेक वर्षं तराजूवाल्यांची. मोठमोठी माणसं आपले मेंदू मरणोत्तर दान करू लागली. तुर्गेन्येव्हचा मेंदू २००० ग्रॅमच्या वर भरला, आणि पुढे आनातोल फ्रान्सचा जेमतेम हजारावर. लेखक म्हणून कोण थोर हे तराजूला विचारणाऱ्यांची पंचाईत झाली. तरी खरा धक्का दिला तो लंडनमधल्या एका बाईने. अ‍ॅलिस ली ही कार्ल पिअर्सनची विद्यार्थिनी. कवटीच्या बाहेरच्या मापांवरून आतली क्षमता काढायचं सूत्र तिने बसवलं. म्हणजे माणूस मरायची वाट पाहायला नको, जिवंत डोकंच मोजा. १८९८ मध्ये डब्लिनला शरीररचनातज्ज्ञांची बैठक भरली होती, तिथे हजर असलेल्या ३५ विद्वानांची डोकी मोजली गेली होती. लीबाईंनी त्यांची क्रमवार यादी केली आणि नावानिशी छापली! नाणावलेली मंडळी यादीच्या तळाशी. आकार आणि बुद्धी यांचा संबंध दिसत नाही हे सांगायला याहून सभ्य पण बोचरी रीत मला तरी सुचली नसती. डॉक्टरेटच्या परीक्षकांनी खुसपटं काढली, पिअर्सन तिच्या पाठीशी उभा राहिला, आणि १९०१ मध्ये काम रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

पिअर्सन-ली या जोडीचं आणखी एक काम आमच्या धंद्यात फार महत्त्वाचं. पॅरिसच्या भुयारी दफनगृहांतल्या कवट्यांची लांबी-रुंदी त्यांनी १८९९ मध्ये तपासली. ८०६ पुरुषांच्या, ३४० बायकांच्या. पुरुषांत लांबी आणि रुंदी यांचा परस्परसंबंध शून्याला लागून, बायकांतही तसाच. दोन्ही ढीग एकत्र केले की संबंध थेट ०.२ च्या घरात! का, तर पुरुषांची कवटी लांबीलाही मोठी, रुंदीलाही मोठी. दोन ठिपक्यांचे पुंजके तिरपे मांडले की मधून रेघ जाणारच. गट आणि माप एकमेकांत अडकले की गटाचा फरक मापांच्या नात्याचं सोंग घेतो. याची उलटी बाजूही तितकीच खरी आहे, ती पुढे येईल.

इथे आपल्याकडच्या एका बाईंचं नाव घेतलं पाहिजे. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या आणि डालेम उपनगरातल्या मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करू लागल्या. फिशरची कल्पना अशी की गोऱ्या युरोपीयांची कवटी इतर वंशांपेक्षा अधिक असमान असते, उजवी-डावीकडे फरक असतो, आणि त्यातच त्यांच्या तर्कबुद्धीचं मूळ आहे. इरावतीबाईंनी संग्रहातल्या कवट्या घेऊन मापं काढली. असमानता सगळ्यांतच होती, वंशाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्धचा निष्कर्ष, तोही त्या काळच्या बर्लिनमध्ये, त्यांनी प्रबंधात लिहिला. 'युगान्त' वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की बाईंचं पहिलं मोठं काम कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजू मोजण्याचं होतं? आकड्यांकडून आपल्याला हवं ते वदवून न घेण्याचं हे उदाहरण मी मुलांना ब्रोकाच्या जोडीला मुद्दाम सांगतो.

दुसरा फिशर इंग्लंडमधला, रोनाल्ड. (वंशशुद्धीची ओढ या फिशरलाही होती, पिअर्सनलाही होती. ज्या हत्यारांनी आम्ही पोट भरतो ती घडवणाऱ्यांचा हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही.) १९१९ मध्ये तो लंडनजवळच्या रॉथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रावर दाखल झाला आणि प्रयोगांची रचना कशी करायची याचं शास्त्रच त्याने उभं केलं. त्याच्या पुस्तकाच्या १९३२ च्या चौथ्या आवृत्तीत सहप्रसरण विश्लेषण, म्हणजे आमचं 'अँकोव्हा', पहिल्यांदा आलं. उदाहरण सिलोनच्या चहाचं. टी. ईडन नावाचा रॉथॅमस्टेडमधून तिकडे गेलेला संशोधक, त्याने मळ्यातल्या १६ वाफ्यांचं उत्पन्न आधी एका काळात मोजलं, मग पुढच्या काळात मोजलं.

चहाचं झुडूप वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. जो वाफा गेल्या खेपेला जोमदार, तो या खेपेलाही जोमदार. मग खताचा परिणाम बघताना वाफ्याचा हा जुना जोम मध्ये कडमडतो. फिशर म्हणाला, आधीच्या उत्पन्नाचा आणि नंतरच्या उत्पन्नाचा संबंध काढा आणि तेवढा भाग वजा करा. राहिलेली धूळ कमी होते, खताचा फरक स्वच्छ दिसतो. वजाबाकीचं काम इतकंच, धूळ खाली बसवायची.

आणि अट? कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. जोमदार वाफे एका खताच्या वाट्याला आणि मरतुकडे दुसऱ्याच्या, असं झालंच तर निव्वळ योगायोगाने. आधीचं उत्पन्न आणि खत यांची गाठ कुठे बांधलेली नाही. म्हणून वजा करताना खताचा परिणाम हातून निसटत नाही.

आमच्याकडे हे शास्त्र आलं ते पानसे-सुखात्मे या जोडनावाने. व्ही. जी. पानसे इंदूरच्या कापूस संशोधनातले, पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातले. त्यांचं शेतकी कामकऱ्यांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं आणि देशातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. राहुरीत ते आमच्या हातात होतं, निळ्या शाईच्या खुणांनी भरलेलं, आधीच्या तुकडीकडून निम्म्या किमतीत घेतलेलं. शेतात आम्ही सहसा वाफ्यातल्या रोपांची संख्या वजा करायचो. उगवण नीट झाली नाही, नांग्या भरायच्या राहिल्या, रानडुकरं शिरली, तर काही वाफ्यांत ताटं कमी राहतात आणि वाण बिचारा नाहक बदनाम होतो. तेव्हा रोपसंख्या कोव्हेरिएट.

पण आमचे सर, उन्हात टोपी मागे सारून, प्रत्येक तुकडीला एक प्रश्न हमखास टाकायचे. समजा खत जास्त पडलं आणि त्यानेच कोवळी रोपं जळाली. मग रोपसंख्या वजा करणार का? वर्गात निम्मे हात वर. सर म्हणायचे, "अरे, खताने केलेला खूनच तुम्ही हिशेबातून पुसून टाकला की!" रानडुकरांनी खाल्लेली रोपं वजा करायची, खताने मारलेली करायची नाहीत. आकड्यांच्या रकान्यात दोन्ही सारखीच दिसतात. कोण कशाने गेलं हे शेतात जाऊन बघावं लागतं.

अँकोव्हा शेतातून निघून मानसशास्त्राच्या आणि शिक्षणाच्या खात्यांत शिरलं तेव्हा चिठ्ठ्या मागे राहिल्या. मुलगे-मुली, गरीब-श्रीमंत, रुग्ण-निरोगी, हे गट कोणी चिठ्ठी टाकून पाडत नाही. १९६७ मध्ये प्रिन्स्टनच्या परीक्षा संस्थेतल्या फ्रेडरिक लॉर्डने दोनेक पानांत या प्रकाराची हवा काढून घेतली. एका विद्यापीठाच्या खाणावळीचा परिणाम बघायचाय. सप्टेंबरात मुलामुलींची वजनं घेतली, जूनमध्ये पुन्हा घेतली. मुलग्यांची सरासरी जिथल्या तिथे, मुलींचीही. पहिला सांख्यिकीवाला म्हणतो, काही बदल नाही. दुसरा सप्टेंबरचं वजन कोव्हेरिएट घेऊन अँकोव्हा लावतो आणि सांगतो, सुरुवातीला सारख्याच वजनाचे मुलगा आणि मुलगी घेतले तर मुलग्याचं वजन जास्त वाढलेलं दिसतं. दोघांच्याही गणितात खोट नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि आधीपासूनच भिन्न असलेल्या गटांना कागदावर समान करून देईल अशी खात्रीची पद्धत नाही, असं लॉर्डने तिथेच लिहून टाकलं. याला लॉर्डचा विरोधाभास म्हणतात आणि त्यावर अजून भांडणं चालतात.

मेंदूची छायाचित्रं मिळू लागली ती याच सुमाराला. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात ईव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर स्किझोफ्रेनियाच्या १७ जुन्या रुग्णांचे मेंदू ८ निरोगी माणसांशी ताडून पाहिले. रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. आजाराला शरीरात घर आहे हे दाखवणारं ते पहिलं मोठं काम, आणि ते पुढे टिकलं. पण मागोमाग झालेल्या अभ्यासांत किती फरक सापडतो हे निरोगी गट कुठून आणला यावर हलू लागलं. डोकेदुखीसाठी स्कॅन काढून 'नॉर्मल' ठरलेली माणसं घेतली तर मोठ्या पोकळ्यांची माणसं आधीच गाळलेली. इस्पितळाचे कर्मचारी घेतले तर शिकलेले. मग शिक्षण सारखं करून घ्या, असा आग्रह सुरू झाला.

मिनेसोटाच्या पॉल मीलने १९७० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. स्किझोफ्रेनिया ऐन विशीत, कॉलेजच्या वयात येतो आणि शिक्षण तोडतो. शिक्षण वजा केलं तर आजाराने केलेलं नुकसान वजा झालं. शिक्षण सारखं असलेले रुग्ण आणि निरोगी शोधून जोड्या लावल्या तर हाती येतात ते एक तर फारच सौम्य आजाराचे रुग्ण, नाही तर निरोगी पण काही वेगळ्याच कारणाने शाळा सुटलेली माणसं. शेतकी कॉलेजात आमच्या सरांनी जळालेल्या रोपांवरून जे सांगितलं, ते मानसोपचारवाल्यांसाठी मीलने किचकट इंग्रजीत लिहून ठेवलं आहे.

मेंदूच्या चित्रांत अँकोव्हा रीतसर बसवलं ते लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात. तिथे सायक्लोट्रॉन होता, किरणोत्सारी ऑक्सिजन देऊन पेट स्कॅनमध्ये रक्तप्रवाह मोजत. अडचण अशी की त्याच माणसाचा संपूर्ण मेंदूचा प्रवाह एका स्कॅनपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंत वरखाली होतो. मग बोट हलवताना कोणता कोपरा उजळला हे कसं कळणार? काही जण प्रत्येक जागेचा आकडा सरळ एकूण सरासरीने भागत. कार्ल फ्रिस्टन आणि मंडळींनी १९९० मध्ये एकूण प्रवाह कोव्हेरिएट घेऊन वजा करायची रीत मांडली. पुढच्याच वर्षी फ्रिस्टनने आपला प्रोग्रॅम इतरांना वाटायला सुरुवात केली. तोच आजचा एसपीएम. एकूण सरासरी ५० वर आणून ठेवायची, कारण मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. हा ५० त्या प्रोग्रॅमच्या एका चौकटीत आजही बसलेला आहे. पेट स्कॅन जन्मात न पाहिलेली मुलं तो न विचारता पुढे ढकलतात.

एकाच माणसाचे अनेक स्कॅन असतात तोवर हे चहाच्या वाफ्यांसारखं चालतं. रुग्ण विरुद्ध निरोगी म्हटलं की घोटाळा. आजाराने एकूणच प्रवाह किंवा चयापचय घटलं असेल आणि ती घट तुम्ही सगळीकडून सरसकट भरून काढलीत, तर आजार न झालेले भाग निरोगी माणसांपेक्षा चढे दिसतात. पार्किन्सनच्या रुग्णांत मेंदूचे काही खोल भाग जास्त काम करतात असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या पेर बोर्गहामर यांनी दाखवलं की यातला बराचसा 'चढ' वजाबाकीचीच करामत असू शकतो. त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने लेख आले.

२००० मध्ये जॉन अ‍ॅशबर्नर आणि फ्रिस्टन यांनी मेंदूच्या करड्या भागाची तुलना व्हॉक्सेलगणिक करायची पद्धत नीट मांडली आणि आमच्या खोलीबाहेरच्या रांगेची सोय झाली. व्हॉक्सेल म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा एक घन. असे काही लाख घन, आणि प्रत्येकात तीच अँकोव्हा. चूक एकदाच केली तरी ती लाखो ठिकाणी रंगीत होऊन उमटते.

ती कशी उमटते ते एका घनात न जाता, सोप्या आकड्यांवर बघू. समजा रुग्ण ५५ ते ७० वयाचे, सरासरी ६२. निरोगी गटात इंटर्न आणि नर्सिंगच्या मुली, २२ ते ३४, सरासरी २८, कारण संध्याकाळी सहानंतर मशीन रिकामं असताना त्याच सापडतात. समजा निरोगींचा करडा भाग सरासरी ६८० मिलिलिटर, रुग्णांचा ५६०. फरक १२०. आता वय वजा करा. वर्षाला ३ मिलिलिटर घट धरली तर ३४ वर्षांचे १०२ गेले, उरले १८. घट २ धरली तर उरले ५२. ४ धरली तर १३६ वजा, आणि रुग्णांचा मेंदू निरोगींपेक्षा १६ मिलिलिटरने मोठा! वर्षाची घट कुठून आली? एकीकडे बारा वर्षांच्या पट्ट्यातली पोरं, दुसरीकडे पंधरा वर्षांच्या पट्ट्यातले आजारी म्हातारे, त्यांच्या ठिपक्यांतून काढलेल्या उतारावरून. म्हातारपणी घट वेगाने होते, म्हणजे दोन्हीकडचा उतार एकच असेल याचीही हमी नाही. आणि प्रोग्रॅम तुलना करतो ती ४५ व्या वर्षी, दोन्हींच्या मध्यावर. त्या वयाचा एकही माणूस मशीनमध्ये झोपलेला नाही. पॅरिसच्या कवट्यांची उलटी बाजू म्हणालो ती हीच. तिथे गट मिसळल्याने नसलेलं नातं दिसलं, इथे वय आणि आजार इतके चिकटलेत की एक सोलायला जावं तर दुसऱ्याची साल निघते.

यात आणखी एक बटण आहे. वयाचा मध्य कुठे धरायचा हे प्रोग्रॅम विचारतो. सगळ्यांचा मिळून एक मध्य धरलात तर वर सांगितलेला हिशेब होतो. प्रत्येक गटाचा आपापला मध्य धरलात, २८ आणि ६२, तर गटांतल्या फरकातून वयाचा एक मिलिलिटरही वजा होत नाही. १२० चे १२० राहतात. ठिपक्यांचं विखुरणं कमी झाल्याने नकाशा उलट जास्तच लालभडक दिसतो. आणि दोन्ही प्रबंधांत वाक्य एकच छापलं जातं, 'वय कोव्हेरिएट म्हणून घेतले आहे'. मी आता ते वाक्य वाचलं की पहिल्यांदा मध्य कुठे धरला ते बघतो. निम्म्या वेळा लिहिलेलंच नसतं.

२००१ मध्ये ग्रेगरी मिलर आणि जीन चॅपमन यांनी मानसोपचाराच्या संशोधकांसाठी यावर सडेतोड लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की गट चिठ्ठीने पडलेले नसतील आणि कोव्हेरिएट गटाशी जोडलेला असेल, तर अँकोव्हा 'नियंत्रण' करत नाही. काय शिल्लक राहिलं त्याला नावही देता येत नाही. लेखाला हजारो उल्लेख मिळाले आहेत. त्यातले बरेचसे, मला शंका आहे, न वाचताच.

डोक्याच्या आकाराचं प्रकरण मी आवरतं घेतो, ब्रोकाच्या वेळचंच आहे. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या गटाने शंभर भारतीयांच्या एमआरआयवरून मेंदूचा नकाशा केला. काम चांगलं आणि गरजेचं, कारण जगभर वापरात असलेले नकाशे माँट्रियलच्या लोकांचे, आणि त्याआधीचा तालेराखचा तर एका साठीच्या फ्रेंच बाईचा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यातून उचललं काय, तर भारतीयांचा मेंदू लहान! मथळ्यात उंची आणि अंगकाठी वजा करायला जागा नसते.

२०१२ मध्ये मात्र एका नव्या कोव्हेरिएटने सगळ्यांना हादरवलं. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतले कोणते भाग एकमेकांशी तालात चालतात हे मोजणारे अभ्यास तेव्हा जोरात होते. लहान मुलांत जवळच्या भागांचे धागे पक्के आणि दूरचे कच्चे असतात, वयाबरोबर हे उलटतं, असं सुंदर चित्र तयार झालं होतं. त्यातला काही भाग सेंट लुइसच्या ज्या प्रयोगशाळेत रंगवला गेला, तिथल्याच जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मशीनमध्ये डोकं अर्धा मिलिमीटरभर जरी हललं तरी असाच नमुना उमटतो. आणि लहान मुलं हलतात. दुसऱ्या दोन गटांनीही त्याच वर्षी तेच सांगितलं. आपल्याच घरच्या निष्कर्षावर असा हात घालणारे लोक विरळा.

तेव्हापासून हालचाल हा सक्तीचा कोव्हेरिएट झाला. आमच्याकडे अतिचंचलतेच्या म्हणजे एडीएचडीच्या मुलांचे स्कॅन येतात. ती हलणार नाहीत तर कोण हलणार? फार हललेले स्कॅन टाकून द्यायचे, उरलेल्यांतून हालचाल वजा करायची, असा शिरस्ता. टेक्निशियन मावशी गोष्टी सांगून, कानाशी उशा खोचून पोरांना स्थिर ठेवायचा आटापिटा करतात, तरी यादीतून नावं गळतातच. ही रानडुकरांनी खाल्लेली रोपं की खताने जळालेली? अमेरिकेत २१ ठिकाणी नऊ-दहा वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांची नोंद करून एबीसीडी नावाचा अभ्यास चालू आहे. तिथे हालचालीमुळे गाळलेल्या मुलांची छाननी झाली, तेव्हा गाळणी सगळ्यांना सारखी लागत नाही असं दिसलं. गरीब घरची आणि जास्त त्रास असलेली मुलं अधिक प्रमाणात बाहेर पडतात. म्हणून मी हल्ली निवासी डॉक्टरांकडून दोन फायली मागतो, उरलेल्या मुलांची आणि टाकून दिलेल्यांची. दुसरी फाइल बहुतेकांनी डिलीट केलेली असते. मग मी त्यांना मशीनच्या खोलीतल्या रजिस्टरकडे पाठवतो. तिथे मावशींच्या अक्षरात प्रत्येक नावापुढे वय, वेळ आणि 'हलला' किंवा 'हलला नाही' असं लिहिलेलं असतं.